गॅरेजात वर्कशॉप थाटताय? वायरिंगचा आराखडा आधी कागदावर

गोव्यातल्या बऱ्याच गॅरेजांत गाडी बाहेर आणि सुतारकामाचं सामान आत अशी स्थिती असते. वीज मात्र गाडीपुरतीच, म्हणजे एक दिवा आणि एक पॉइंट. त्या पॉइंटवर कॉम्प्रेसर लावायचा विचार असेल तर वायरमनला बोलावण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

१. यंत्रांची यादी

प्रत्येक यंत्राच्या प्लेटवरचे वॅट किंवा अँपिअर उतरवून घ्या. नुसती हॉर्सपॉवर दिली असेल तर १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. पण ही शाफ्टवरची ताकद, मोटर वीज त्याहून जास्त खाते. २ एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. सगळ्या यंत्रांची बेरीज मात्र करू नका, काम करणारा माणूस एकच असतो. एक मोठं यंत्र, कॉम्प्रेसर (टाकीतला दाब उतरला की तो आपणहून सुरू होतो), पंखा आणि दिवे एवढं धरा. हा आकडा बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून पाहा. कमी पडत असेल तर वीज खात्याकडे भार वाढवून घ्या.

२. सर्किटं वेगळी करा

दिव्यांचं सर्किट पूर्ण वेगळं हवं. करवतीमुळे एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला तर पातं अजून फिरत असतं, आणि तेव्हा अंधार परवडत नाही. दिव्यांना १.५ चौरस मिमी, १६ अँपिअरच्या सॉकेटांना २.५, कॉम्प्रेसरला स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर घ्या. मोटरवाल्या सर्किटांवर सी प्रकारचे एमसीबी लावा, नाहीतर सुरू होतानाच पडत राहतील.

मुख्य बोर्डापासून गॅरेज लांब असेल तर केबल जाड घ्या. ३० मीटरवर २५ अँपिअर नेताना ४ चौरस मिमीच्या केबलमध्ये ८ व्होल्ट जातात, ६ च्या केबलमध्ये साधारण साडेपाच. व्होल्टेज आधीच पडलेल्या संध्याकाळी हा फरक मोटरला जाणवतो.

३. अर्थिंग

सगळ्यात जास्त डोकं इथे घाला. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात सुकली की वीज नीट मुरवून घेत नाही. समजा घरच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि सगळी भिस्त त्यावरच आहे. ग्राइंडरच्या धातूच्या अंगात फेज उतरला तर २३० भागिले २०, म्हणजे जेमतेम साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी हलणारसुद्धा नाही, आणि यंत्राचं अंग जिवंत राहील. म्हणून गॅरेजच्या डीबीत (एमसीबी बसवायच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि तो घरापासून वेगळा, म्हणजे इकडच्या गळतीने घरचा फ्रिज बंद पडणार नाही. आरसीसीबी आहे म्हणून अर्थची वायर गाळू मात्र नका.

४. पावसाळा आणि खारी हवा

चिऱ्याच्या भिंतीत खाचा मारू नका. चिरा भुगा होतो आणि ओल धरतो. पीव्हीसी पाइप भिंतीवरूनच न्या. सॉकेट जमिनीपासून सव्वा मीटरवर, कामाच्या टेबलाच्या वर बसवा. शटरखालून पाणी आत आलं तरी ते कोरडे राहतील. किनाऱ्याजवळ लोखंडी डीबी गंजते, तिथे आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारी, प्लास्टिकची पेटी बरी. केबल पेटीत खालून घाला.

पावसात वीज वरचेवर जाते. टेबल सॉसारखं यंत्र वीज परत येताच स्वतःहून फिरायला लागू नये, म्हणून त्याला नो-व्होल्ट स्विच लावा. हा खर्च टाळू नका.

५. काम आणि तपासणी

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि इन्सुलेशन व अर्थिंगची मापं लिहून मागा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून पाहा. अर्थिंग पुन्हा मोजायचं ते मे महिन्यात, जमीन पार वाळलेली असताना. ऑगस्टमधला चांगला आकडा धरून चालू नका.