लग्नासाठी जुनं घर भाड्याने घेताना

डागडुजी करून पुन्हा उभ्या केलेल्या एका जुन्या घराचं बुकिंग मी सांभाळते. जागा बघायला आलेली मंडळी आधी विचारतात, "किती माणसं मावतील?" मोकळ्या हॉलला हा प्रश्न ठीक आहे. जुन्या घरात प्रत्येक मजल्याचा आकडा वेगळा विचारा आणि तो लेखी घ्या.

राहत्या घराचा मजला बांधताना साधारण चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरतात. गर्दीच्या सभागृहासाठी ४०० ते ५०० किलो. माडीवरचा दिवाणखाना कितीही देखणा असो, तो मुळात घरातल्या चार माणसांच्या उठबशीसाठी बांधलेला असतो. दुरुस्तीत तुळयांना जोड दिला का, लोखंडी आधार घातला का, इंजिनिअरने किती माणसं मान्य केली, हे विचारायला अजिबात संकोचू नका. नाच असेल तर दुप्पट जपा. नुसती उभी माणसं तुळई पेलते, पण सगळ्यांचे पाय एका ठेक्यावर पडले की मजला झुलतो आणि खालच्या छताचा गिलावा तडकतो. म्हणून नाच तळमजल्यावर, गप्पा वर. बघायला जाल तेव्हा वरच्या खोलीच्या मधोमध उभे राहा, चवड्यांवर उठा आणि टाचा जोरात आपटा. कपाटाची काच किणकिणली, तर तिथे गर्दी नको.

मग बाहेर पडायच्या वाटा बघा. एका खोलीत ५०-६० पेक्षा जास्त माणसं असली की दुसरी वाट हवीच, असं अनेक देशांचे नियम सांगतात. मागचं दार आहे म्हणून सांगतील. ते तुमच्यासमोर उघडून दाखवायला लावा. पुष्कळदा त्याच्यापुढे खुर्च्यांची थप्पी असते.

सर्वांत जास्त वाद होतात ते सजावटीवरून. चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकला की नुसतं भोक पडत नाही, आतून सुटलेला गिलावा ताटाएवढा निखळून येतो. भिंतीवर बोटाने टकटक करा. आवाज पोकळ आला तर तिथे गिलाव्याने वीट सोडली आहे. चिकटपट्टी काढताना चुन्याचा रंगही सोलून येतो. तेव्हा डेकोरेटरला स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या चौकटी आणायला सांगा. मेणबत्त्या बॅटरीवरच्याच घ्या, कारण कोरीव छतावर बसलेली काजळी सहज निघत नाही. वास्तू समाजाच्या वापरात राहिली की तिचं जतन सोपं होतं, पण त्या वापरासाठी तिची मांडणी आणि सजावट बदलू नये, असं १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, म्हटलं आहे. मला ते मनापासून पटतं. घरात माणसांची वर्दळ हवीच, भिंतींना हात न लावता.

शेजारच्या घराशी भिंत सामाईक असेल तर दोन्हीकडच्या तुळया बहुधा तिच्यातच रुतलेल्या असतात. बेसचा ठोका थेट पलीकडच्या झोपायच्या खोलीत पोचतो. स्पीकर त्या भिंतीपासून लांब, जाड रबरावर ठेवा आणि संगीत किती वाजता बंद करायचं ते करारात लिहून घ्या.

केटररच्या ओव्हनला वीज पुरेल का, हेही आधीच विचारा. अनामत भरण्यापूर्वी मालकासोबत घरभर फिरून आधीच्या चिरा, डाग आणि ओरखड्यांचे फोटो काढा. सामान लावायला आणि उतरवायला किती तास मिळतील आणि ते भाड्यात धरलेत का, तेही त्याच दिवशी कागदावर येऊ द्या.