स्कोअर वाढतोय, बटण मात्र लागत नाही: व्हीआर थेरपीतल्या या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेलं जे मूल हाताच्या व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवतं, तेच पडद्यावरचे फुगे फोडायला न कंटाळता हात हलवतं. व्हीआरचा, म्हणजे अंग हलवून खेळायच्या आभासी गेमचा, खरा फायदा हाच, आणि घोटाळाही इथेच. फुगा फुटला की गेम गुण देतो; हात तिथवर कसा पोहोचला हे तो बघत नाही. कोपर सरळ करणं जड गेलं की मूल खांदा उचलतं, कमरेतून झुकतं आणि जिंकतं. निन्टेन्डो वी या गेम-यंत्राचा रिमोट तर मनगटाच्या नुसत्या झटक्यालाही फसतो. म्हणून पडद्याकडे कमी, मुलाकडे जास्त बघा. पाठीला आधार द्या, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकवा. तरी अंग झुकत असेल तर गेममधलं लक्ष्य जवळ आणायला ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) सांगा.

एकाच बाजूला त्रास असलेली मुलं चांगल्या हातानेच खेळ उरकतात. त्यावर तो हात स्वतःच बांधून टाकणं हा उपाय नव्हे. चांगला हात अडवून दुसऱ्याला कामाला लावण्याची थेरपी आहे, पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची. घरी दोन्ही हात लागतील असे गेम निवडा.

‘हा प्रयत्नच करत नाही’ असं म्हणण्याआधी कॅमेरा तपासा. लीप मोशन हा हाताच्या हालचाली टिपणारा छोटा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशावर हात ओळखतो. खिडकीतून ऊन आलं तर तो गोंधळतो. घट्ट मूठ, तळव्यात दुमडलेला अंगठा, एका हातामागे झाकलेला दुसरा हातही त्याला नीट कळत नाही. पडदा ओढा, बाह्या वर करा. कायनेक्ट या अख्ख्या शरीराची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याकडून बोटांच्या बारीक हालचालींची अपेक्षाच ठेवू नका. त्याचं काम खांदा-कोपरापुरतं.

डोक्यावरचा हेडसेट लागतोच असं नाही. मेटा क्वेस्ट हा हेडसेट 10 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, आणि मान सावरत नसेल तर त्याचं वजनही नडतं. मुलाला फिट येत असतील तर पडद्यावरचा गेमसुद्धा न्यूरोलॉजिस्टना विचारूनच सुरू करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गेम संपला की थेरपी संपली असं धरणं. तळवा वर वळवायचा गेम झाला की लगेच त्याच हातावर मुलाला सहज गिळता येणारा खाऊ घेऊन तोंडात टाकू द्या; चिमटीचा गेम झाला की शर्टाचं बटण. दर महिन्याला त्याच कामाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि पुढच्या भेटीत ओटीला स्कोअरऐवजी तो दाखवा.