पट्टीचे पैसे टिकवायचे कसे?

पैशाच्या सवयींवरचे बहुतेक सल्ले महिन्याच्या पगारावर बेतलेले असतात. मराठवाड्यात फार थोड्या घरांत पैसा असा महिन्याला येतो. सोयाबीनचा दिवाळीच्या आगंमागं, तुरीचा संक्रांतीनंतर, कापसाचा वेचणी होईल तसा. म्हणून आपल्याकडं बचतीची सवय तारखेला नाही, मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, माल विकल्यावर हिशेबाची जी पट्टी मिळते तिला बांधावी लागते. ती कशी बांधायची, ते आमच्या घरात वीस वर्षं चाललेल्या पद्धतीवरून सांगतो.

आधी वही

दोनशे पानी साधी वही घ्या. एका बाजूला आलेले, दुसऱ्या बाजूला गेलेले. पहिल्या वर्षी काटकसर वगैरे काही करू नका, नुसतं लिहा. खताची पिशवी, फवारणी, मळणी, दवाखाना, लेकरांची फी, लग्नातला आहेर, चहापाणी, सगळं. वर्षाच्या शेवटी दोन आकडे निघाले पाहिजेत: एकरी खर्च किती आला आणि घर चालायला महिन्याला किती लागले. हे दोन आकडे हातात नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

पट्टीच्या दिवशीच वाटणी

ही सवय सगळ्यात मोलाची. समजा 20 क्विंटल सोयाबीन 4,500 च्या भावानं गेलं. 90,000 झाले. हमाली-तोलाई वजा जाऊन हातात 89,000 आले असं धरू. घरी आल्यावर, बाजारात एक रुपया मोडायच्या आधी, पट्टी समोर ठेवून चार वाटे करायचे.

पहिला वाटा बचतीचा, 9,000. तो पहिलाच काढायचा. शेवटी उरेल ते ठेवू म्हणणाऱ्याकडं काही उरत नाही, हे मी आमच्या भावकीत दर साली बघतो. दुसरा पुढच्या पेरणीचा: वहीत एकरी खर्च आहेच, त्यावरून समजा 25,000. हे पैसे वेगळ्या खात्यात जातात आणि जूनपर्यंत त्यांना हात लागत नाही. तिसरा पीककर्जाचा, समजा 30,000. राहिले 25,000, तो चौथा वाटा घरखर्चाचा. तूर येईपर्यंत चार महिने धरले तर घराला महिना सव्वासहा हजार. एवढ्यात भागत नसेल तर ते दिवाळीतच कळतं आणि खरेदीला आधीच लगाम बसतो. जानेवारीत कळलं तर हात पसरावे लागतात.

आमची माय हे वाटे चार पाकिटांत घालायची आणि प्रत्येकावर लेकरांकडून नाव लिहून घ्यायची. आता खाती आहेत, पण नाव घालून वेगळं ठेवणं तेच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते: मुकादम हंगामाआधी देतो ती उचल ही कमाई नसते, ते अंगावरचं देणं असतं. वहीत ती आलेल्या पैशांत धरू नका, देणं म्हणूनच लिहा.

व्याज कोणत्या दिशेनं वाहतंय ते बघा

सावकारानं शेकडा 3 म्हटलं की थोडंच वाटतं. पण तो महिन्याचा दर आहे, वर्षाचा 36 टक्के होतो. 50,000 घेतले तर महिन्याला 1,500, वर्षाला 18,000. पाच वर्षं नुसतं व्याज भरलं तर 90,000 गेले आणि मुद्दल जागच्या जागी. असं देणं अंगावर असेल तर बचतीचे 9,000 सुद्धा आधी तिकडंच द्या. 36 टक्के मिळवून देणारी सुरक्षित गुंतवणूक कुठंच नाही.

याच्या उलट पीककर्ज. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. फेडीची शेवटची तारीख बँकेत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुष्कळजण नवं-जुनं करण्यासाठी, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलण्यासाठी, चार दिवसांकरता खाजगीतून पैसे उचलतात. तिसरं पाकीट त्यासाठीच असतं.

दुष्काळाचं खातं

तीन-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं म्हणतात. आपल्या भागात तेवढ्यानं भागत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. एक पाऊस हुकला की पुढची पट्टी थेट वर्षानं. म्हणून वर्षभराचा घरखर्च हे लक्ष्य ठेवा. ते गाठायला पाच-सहा वर्षं लागतील, लागू द्या. वर्षाची ज्वारी-डाळ घरात ठेवणारी आपली जुनी रीत याच खात्यात धरा.

सोबत दोन विमे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण देतो, जीवन ज्योती 436 रुपयांत 2 लाखांचं आयुर्विम्याचं. दुसऱ्यात शिरायला वय 18 ते 50 लागतं. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कटतो आणि नेमकं तेव्हाच, पेरणीच्या तोंडावर, खातं रिकामं असतं. 456 रुपये तेवढे राहू द्या.

वाढायला ठेवलेले पैसे

हंगामी कमाईला पीपीएफ, म्हणजे सरकारचं 15 वर्षांचं बचत खातं, चांगलं बसतं. महिन्याला भरायची सक्ती नाही. वर्षाला किमान 500, जास्तीत जास्त दीड लाख, एकदम भरले तरी चालतात. व्याज महिन्याच्या 5 तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिलकेवर मोजतात, म्हणून 5 तारखेच्या आत भरा. वर्षाला 12,000 असे 15 वर्षं भरले आणि दर 7 टक्के धरला, तर भरलेल्या 1 लाख 80 हजारांचे सव्वातीन लाखांच्या आसपास होतात. घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर तिच्या नावानं सरकारी बचतीचं सुकन्या खातं आधी काढा. ते 250 रुपयांतही सुरू होतं.

आता दामदुपटीबद्दल. 72 ला व्याजदरानं भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते साधारण कळतं. 7 टक्क्यांनी दहा वर्षं लागतात. पाच वर्षांत दुप्पट देतो म्हणणारा 14 टक्क्यांच्या वर देऊ म्हणतोय. तो ते कुठून कमावणार, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या मावशीनं शिवणकामाचे दोन लाख अशाच एका पतसंस्थेत ठेवले होते. एक दिवस शटर उघडलं नाही. त्या पावत्या ती अजून देवघरात ठेवते. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. एक टक्का जास्त मिळतो म्हणून हा फरक विसरू नका.

सोन्याबद्दल थोडक्यात: दागिना हौसेसाठी घ्या, त्यात घडणावळ जाते.

शेवटचं पान

वहीच्या शेवटच्या पानावर खाती, विमे, पीककर्ज, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, हे सगळं लिहा. प्रत्येक खात्याला वारस लावलाय का ते बँकेत जाऊन बघा. लग्नाआधी काढलेल्या खात्यांवर बहुधा वडिलांचंच नाव असतं. वर्षातून एकदा, पाडव्याला, नवराबायकोनं बसून ते पान नव्यानं लिहायचं. आमच्याकडं ही वही स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागच्या फळीवर असते आणि घरातल्या प्रत्येकाला ती कुठं आहे ते माहीत आहे.