पावसाळ्यात घरचं पूल टेबल: या चुका टाळा

जुलै उजाडला की बॉल जड झाल्यासारखे वाटू लागतात. हात तोच, जोर तोच, पण बॉल पॉकेटच्या अलीकडेच दम टाकतो. मग घाईघाईने मिस्त्रीला बोलावून टेबलची लेव्हल काढून घेतली जाते. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. कापडाखालच्या स्लेटच्या दगडी पाट्याला त्याने काही होत नाही. फुगते ती खालची लाकडी चौकट आणि ओल धरतं ते वरचं लोकरी कापड. या फुगलेल्या अवस्थेत लेव्हल काढली, तर नोव्हेंबरात लाकूड आकसल्यावर टेबल पुन्हा कललेलं सापडतं. म्हणून आधी दोष ओळखा. बॉल अगदी हळू सोडा, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. दोन्ही वेळा तो खोलीच्या एकाच भिंतीकडे वळला तर उतार आहे. सरळ जाऊन नुसता लवकर थांबत असेल तर कापड ओलसर आहे. आधी आठ-दहा दिवस खोली कोरडी ठेवा, मग पुन्हा तपासा. स्लेटऐवजी एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला पाटा असेल तर मात्र चालढकल नको. एमडीएफ एकदा पाणी पिऊन फुगलं की सुकल्यावरही मूळ जागी येत नाही.

दुसरी चूक एसीची. संध्याकाळी खेळताना दोन तास जोरात एसी, आणि मग रात्रभर उघड्या खिडक्या. सतत फुगण्या-आकसण्याने लाकडाचे सांधे आणि कडेच्या रबरी कुशनचे बोल्ट ढिले होतात. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर लावा आणि आकडा ४० ते ६० च्या दरम्यान, शक्य तितका स्थिर ठेवा. खिडक्या बंद करून एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर वापरा. पूलच्याच जातीच्या स्नूकर या खेळाचा जन्मच १८७५ साली जबलपूरच्या पावसाळ्यात, लष्करी मेसमध्ये झाला असं सांगतात. आज मोठ्या स्पर्धांच्या स्नूकर टेबलांना स्लेटखाली हीटर असतात, ते कापड कोरडं राहावं म्हणूनच.

दमट कापडावर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आतली ओल आतच कोंडते, कुबट वास येतो आणि मग बुरशी धरते. पावसाळ्यापुरती जुनी सुती चादर बरी. चॉकचे डाग ओल्या फडक्याने पुसणं, हेअर ड्रायरने कापड सुकवणं, हेही टाळा. स्नूकरच्या लवदार कापडाला क्लबात इस्त्री करतात, पण ती पद्धत पूलच्या गुळगुळीत कापडावर आजमावू नका. क्यू, म्हणजे खेळायची काठी, भिंतीला तिरका टेकवून ठेवलात तर दमट हवेत हमखास वाकतो. तो रॅकमध्ये सरळ उभा किंवा आडवा सपाट ठेवा.

एवढं करूनही बॉल ठरावीक जागी टुणकन उडत असेल, तर तिथे हळूच तळवा फिरवून बघा. बारीक उंचवटा लागला तर स्लेटच्या दोन तुकड्यांमधला सांधा हललेला असू शकतो. तो बसवायला कापड काढावं लागतं, त्यामुळे हे काम डिसेंबरात, हवा कोरडी झाल्यावरच काढा. लेव्हलही त्याच दिवशी काढून घ्या.