पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर

कृष्णेला पाणी वाढलं की सांगलीत नळालाही कधी कधी चहाच्या रंगाचं पाणी येतं. असं पाणी थेट फिल्टरमध्ये ओतू नका. गाळाने फिल्टरमधली चिनी मातीची कॅण्डल बुजते, आणि आरओ (पाण्यातले क्षारही काढणारं मशीन) असेल तर त्याचा पहिला पांढरा फिल्टर तपकिरी पडून धार बारीक होते. पाणी आधी निवळायचं, मग गाळायचं, जंतू मारायचं काम शेवटी.

निवळायला तुरटी. 20 लिटरच्या बादलीला साधारण 1 ग्रॅम, म्हणजे चहाचा पाव चमचा पूड पुरते. ती वाटीभर पाण्यात विरघळवून बादलीत घाला, मिनिटभर जोरात ढवळा आणि मग पाचेक मिनिटं अगदी सावकाश. बहुतेकांचं इथेच चुकतं. शेवटपर्यंत जोरात ढवळलं तर जमू लागलेले गाळाचे पुंजके फुटतात आणि पाणी सकाळीही तसंच धुरकट राहतं. बादली झाकून रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पाणी मगाने अलगद काढून चारपदरी सुती कापडातून गाळा. तळाचं चार बोटं पाणी ओतून द्या. चव तुरट लागली तर पुढच्या वेळी पूड कमी घाला.

आता कॅण्डल. नवी असेल तर काही तास पाण्यात भिजत ठेवा आणि पहिली दोन भांडी पाणी पिऊ नका. वॉशर नीट बसला नाही तर पाणी कॅण्डलला वळसा घालून कडेने खाली उतरतं. एरवी थेंब थेंब पडणारं पाणी एकदम भराभर उतरू लागलं तर आधी वॉशर बघा. तो ठीक असेल तर ओली कॅण्डल पाण्यात बुडवून तिच्या नळीतून हळू फुंका. एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे तडा आहे, कॅण्डल बदला. धुताना वाहतं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरा, साबण बारीक छिद्रांत अडकून बसतो.

साध्या कॅण्डलमधून काविळीचे विषाणू निसटतात. म्हणून गाळलेलं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्या, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात हेच थेंब घातले तर बरंचसं क्लोरीन गाळच खातो. यूव्ही मशीनचंही तसंच, गढूळ पाण्यात तिचा प्रकाश जंतूंपर्यंत नीट पोचत नाही.

आरओ घ्यायच्या आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी चालतं. आकडा त्याच्या आत असेल तर घरगुती आरओ नुसतं पाणी वाया घालवतो, लिटरभर शुद्ध पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर मोरीत. जत, आटपाडीकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नसेल, भांड्यांवर पांढरा थर बसत असेल आणि टीडीएसही जास्त निघत असेल, तर मात्र आरओ घ्यावा. पण टीडीएस मीटर फक्त क्षार मोजतो. आकडा कमी दिसला म्हणून उकळणं सोडू नका.