माळ्यावरची बॅट: जुन्या क्रिकेटच्या वस्तूंचं मोल कसं जोखावं

गणपती जवळ आले की घरं झाडली जातात आणि माळ्यावरचं सगळं खळ्यात येतं. मग मालवण, आचरा, कुडाळकडून मला फोन सुरू होतात. "भाऊ, काकांची सह्यांची बॅट गावली. किती पैसे गावतले?" तीस वर्षं मी जुन्या क्रिकेटच्या वस्तू जमवतोय. माझं पहिलं सांगणं एकच असतं: ती पुसू नका.

वडिलांच्या बॅटवर पावसाळ्यात बुरशी आली, तेव्हा मी जवसाच्या तेलाचा बोळा फिरवला. बुरशी गेली आणि तिच्याखालच्या शाईच्या दोन सह्याही गेल्या. त्या कुणाच्या होत्या हे वडिलांनाच ठाऊक होतं आणि वडील तोवर राहिले नव्हते. अजून जीव हळहळतो. मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, बस्स.

मग वय काढा. सामन्याच्या तिकिटावर किंमत आण्यांत असेल तर ते बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. बॅटवरच्या दुकानाच्या चिठ्ठीत सहा आकडी पिनकोड दिसला तर ती चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. हे महत्त्वाचं अशासाठी, की अजित वाडेकरांच्या भारतीय संघानं १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोघांना त्यांच्याच घरी हरवलं, आणि 'एकाहत्तरची बॅट' म्हणून माझ्याकडे जितक्या येतात तितक्या दुसऱ्या कुठल्याच सालाच्या येत नाहीत. त्र्याऐंशीच्या विश्वचषकात वापरलेली म्हणून कुणी बॅट दाखवली तर चेंडूचे डाग बघा. ती स्पर्धा पांढऱ्या कपड्यांत, लाल चेंडूनं खेळली गेली. पांढऱ्या चेंडूचे ठसे तिच्यावर येतील कुठून?

सहीसाठी घड्याळजीकडचं भिंग मागून आणा. छापील सही बारीक ठिपक्यांची दिसते. खरी शाई लाकडाच्या रेषांत किंचित पसरते आणि बॉलपेननं केली असेल तर दाबाची चर राहते. अकराही सह्या एकाच शाईत, एकाच कलाच्या, एकाच लयीत असतील तर एकानंच सगळ्यांची नावं लिहिली आहेत, असं मी धरून चालतो. कागदासाठी नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरा. बाजारात कुणा ना कुणा दुकानदाराकडे असतोच. साधारण १९५० च्या आधीचा कागद त्याखाली मंद राहतो. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली. तिचं म्हणून दिलेलं तिकीट निळसर पांढरं लखलखलं तर परत करा.

पण एवढं सगळं जमलं तरी निम्मंच काम झालं. डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचे महान फलंदाज डॉन ब्रॅडमन यांची एक टोपी लिलावात ३,९०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली. उन्हानं विटलेली, झिजलेली टोपी. पण १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेत त्यांनी ती घातली होती आणि भारतीय संघाच्या व्यवस्थापकाला भेट दिली होती, हा माग, म्हणजे ती कुणाकडून कुणाकडे गेली याचा धागा, तिच्याबरोबर आला होता. आपल्या चाकरमान्यांच्या ट्रंकांत असे माग पडून आहेत. आचऱ्याच्या एका आजींकडे सह्यांची वही होती, चारच सह्या, त्याही फार गाजलेल्या खेळाडूंच्या नव्हेत. पण आजोबा मुंबईत एका क्लबात वाढपी होते. त्यांची पगाराची चिठ्ठी आणि खेळाडूंना चहा देतानाचा फोटो त्याच वहीत. माग नसलेल्या डझनभर चकचकीत बॅटींपेक्षा मी ती वही वर धरतो. म्हणून घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा, वस्तू कुणाकडून, कधी, कशी आली ते लिहून घ्या, तारीख घाला, त्यांची सही घ्या. जुनं पाकीट, पत्र, फोटो काहीही फेकू नका.

भाव बघताना इंटरनेटवर मागितलेला आकडा धरू नका, लिलावात प्रत्यक्ष काय मिळालं ते शोधा आणि त्यातून लिलाव करणाऱ्याचं कमिशन वजा करा. दारात रोकड घेऊन 'आत्ताच द्या' म्हणणाऱ्याला गणपतीनंतर यायला सांगा. तोवर बॅट सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात आडवी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या दमट हवेत ती घामेजते, आणि मातीच्या भिंतीला टेकवली तर वाळवी चार दिवसांत मुठीपर्यंत पोचते.