बॅन देण्याआधी आणि दिल्यानंतर: ऑनलाइन गेमच्या मॉडरेशन टीमसाठी

एकच चॅट वाचून दोन मॉडरेटर एकाच निर्णयावर यावेत, इतका नियम स्पष्ट हवा. ‘गैरवर्तन खपवून घेतलं जाणार नाही’ या वाक्याने ते साधत नाही. ‘धर्म, वंश किंवा लिंगावरून शिवी दिल्यास ७२ तास म्यूट, सहा महिन्यांत पुन्हा तेच केल्यास १४ दिवस बॅन’ असं लिहा. नियम बदलला की तारीख टाका आणि घटनेच्या दिवशी जो नियम लागू होता तोच लावा.

रिपोर्ट आला की लागेल तेवढंच उघडा. मॅचचा आयडी, सर्व्हरवरची वेळ आणि त्या ओळीच्या आधीचं-नंतरचं दोन-तीन मिनिटांचं चॅट बहुतेक वेळा पुरतं. आधीचं चॅट वाचायलाच हवं, कारण डिवचणारा कधी कधी रिपोर्ट करणाराच असतो. खेळाडूचं खरं नाव, ईमेल, पेमेंटचा तपशील, मित्रांना पाठवलेले खासगी मेसेज यांचा शिवीगाळीच्या प्रकरणाशी काही संबंध नसतो. मॉडरेटरच्या स्क्रीनवर ते दिसताच कामा नयेत. कोणत्या मॉडरेटरने कोणतं अकाउंट कधी आणि का उघडलं याची नोंद आपोआप झाली पाहिजे. ही नोंद नसेल तर ओळखीच्या माणसाची माहिती चाळण्याचा मोह आवरणं कठीण जातं.

नुसत्या स्क्रीनशॉटवर बॅन देऊ नका. तो बनवायला फार वेळ लागत नाही. सर्व्हरच्या लॉगशी ताडून पाहा. नुसत्या आयपी पत्त्यावरही नको. एका घरातली भावंडं तर सोडाच, मोबाइल नेटवर्कवर असंख्य अनोळखी माणसं एकच पत्ता वापरत असतात.

चीटिंग आपोआप पकडणाऱ्या अँटी-चीट यंत्रणेवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. २०१०मध्ये गेम कंपनी वाल्व्हच्या व्हीएसी या अशाच यंत्रणेने मॉडर्न वॉरफेअर २ या गेमच्या सुमारे १२ हजार निरपराध खेळाडूंना बॅन केलं. वाल्व्हच्याच स्टीम या गेम चालवणाऱ्या ॲपने डिस्कवरची एक फाइल अपडेट केली होती आणि मेमरीतली प्रत तिच्याशी जुळत नव्हती, एवढंच कारण. कंपनीने चूक मान्य करून बॅन मागे घेतले. म्हणून बॅनची मोठी लाट सोडण्याआधी त्यातली काही अकाउंट्स माणसाने तपासावीत, आणि कायमच्या बॅनवर दोघांची मान्यता लागावी.

सर्वांत जास्त चुका नोटीस लिहिताना होतात. ‘आमच्या अटींचा भंग केल्यामुळे तुमचं अकाउंट बंद केलं आहे’ हे वाचून खेळाडूला काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘१२ मार्चच्या रँक्ड मॅचमध्ये टीम चॅटमध्ये तुम्ही पुढील वाक्य लिहिलं. हे नियम ४.२च्या विरुद्ध आहे. १४ दिवस बॅन. अपील इथे करा. या काळात तुमच्या खरेदी केलेल्या वस्तू सुरक्षित राहतील.’ मात्र पाठवण्याआधी एक गोष्ट तपासा: यातून रिपोर्ट करणारा ओळखू येतो का? ते वाक्य फक्त एकाच खेळाडूला व्हिस्परमध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये लिहिलं असेल, तर उद्धृत करताच रिपोर्ट करणाऱ्याचं नाव उघड होतं. अशा वेळी वाक्य न देता ‘खासगी मेसेजमध्ये धमकी’ असं लिहूनही भागत नाही, कारण धमकी कुणाला दिली हे बॅन झालेल्याला ठाऊकच असतं. तेव्हा कारण ‘धमकी’ एवढंच लिहा, मेसेज कुठला ते सांगू नका आणि तारखेऐवजी आठवडा द्या. चीटिंगच्या प्रकरणात ती कशी पकडली हे लपवणं योग्यच, पण चीटचा प्रकार आणि काळ सांगायलाच हवा.

बॅन झालेल्यांची नावं जाहीर करू नका. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर कुणी विचारलं तरी ‘वैयक्तिक प्रकरणांवर बोलत नाही’ एवढंच उत्तर सगळ्या मॉडरेटरांनी द्यावं.

अपील पहिला निर्णय देणाऱ्याकडे जाऊ नये. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टनुसार, छोट्या कंपन्या वगळता, ऑनलाइन प्लॅटफॉर्मला तक्रारीसाठी किमान सहा महिने द्यावे लागतात आणि तिचा निकाल केवळ यंत्राच्या भरवशावर देता येत नाही. जीडीपीआर या युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण कायद्याखाली खेळाडूने स्वतःबद्दलची माहिती मागितली, तर साधारण एका महिन्यात ती द्यावी लागते. ती देताना चॅटमधल्या इतरांची नावं झाका.

अपील मान्य झालं की नुसता बॅन काढून थांबू नका. रँक, सीझनचं बक्षीस, वाया गेलेले सबस्क्रिप्शनचे दिवस परत द्या, रेकॉर्डवरची खूण पुसा म्हणजे पुढची शिक्षा तिच्यामुळे वाढणार नाही, आणि चूक कंपनीची होती हे त्याच खेळाडूला स्पष्ट शब्दांत कळवा.